जमिनीचा गारवा घरात आणायचा तर



शहादा तालुक्यातून एका बंधूंचे चार पानी पत्र आले आहे. सोबत वहीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला नकाशा. गावाबाहेरच्या प्लॉटवर त्यांनी पत्नी आणि दोन मुलांच्या मदतीने, स्वतःच्या हाताने दोन खोल्या बांधल्या आहेत. वर पत्रा. चैत्र-वैशाखात दुपारी घरात बसवत नाही, धाकटी मुलगी पुस्तके घेऊन लिंबाखाली जाते. कूलर घ्यावा तर त्यात ओतायला पाणी कोठून आणायचे? मग त्यांच्या वाचनात आले की, जमिनीत नळ पुरून त्यातून हवा खेचली तर ती गार होऊन घरात येते. झाले, बेत ठरला. चार इंची प्लास्टिकचा पाईप, तीस फूट लांब, तीन फूट खोल, घराच्या भिंतीच्या कडेने पुरायचा. एका तोंडाशी टेबलफॅन. खोदकाम रविवारी बापलेक करणार. पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत, त्या वहिनींच्या. "यात पैसे घालावेत का आधी पत्र्याचे काही करावे, ते खरे सांगा."

वहिनींच्या प्रश्नाकडे शेवटी येतो. आधी नळाचे.

कल्पना खुळी नाही. पौषात पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि वैशाखात तेच पाणी गार लागते, हे आपल्या आया-बहिणींना कोणी शिकवावे लागले नाही. पाणी फारसे बदलत नाही. बदलते ती बाहेरची हवा. उन्हाची धग मातीतून फार हळू खाली उतरते. वरचा हातभर थर दिवसा तापतो, रात्री निवतो. दहा-बारा फुटांवर मात्र उन्हाळा आणि हिवाळा यांची जवळजवळ सरासरीच शिल्लक राहते. अजिंठ्याच्या लेण्यांत भर उन्हातून आत पाऊल टाकले की अंगाला जो निवारा लागतो, त्यामागे हेच आहे. बाहेरच्या उन्हाला एवढा जाड कातळ तापवायला दिवस पुरत नाही. भिक्खूंनी लेणी काही थंडाव्यासाठीच कोरवून घेतली नाहीत, पण त्यांना तो मिळाला खरा.

आता हे नळातून साधते का? साधते, आणि ते आपल्या शेजारीच मोजून पाहिलेले आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील प्रा. गिरजा शरण आणि त्यांचे सहकारी जाधव यांनी तेथे एक नळ पुरून वर्षभर नोंदी ठेवल्या आणि त्या २००३ साली प्रसिद्ध केल्या. लोखंडी नळ, १० सेंटीमीटर व्यासाचा म्हणजे साधारण चार इंची, ५० मीटर लांब, ३ मीटर खोल. मे महिन्यात त्या खोलीवर जमीन २६.६ अंश होती आणि जानेवारीत २४.२. म्हणजे अख्ख्या वर्षात अडीच अंशांचाही फरक नाही! मे महिन्यातली तापलेली हवा या नळातून जाताना १४ अंशांपर्यंत गार झाली. जानेवारीच्या रात्री थंड हवा जवळजवळ तितकीच ऊबदार होऊन बाहेर आली. आपल्या तापी खोऱ्यातला उन्हाळाही अहमदाबादेच्याच जातीचा आहे, कोरडा आणि पारा ४२-४३ च्या पुढे नेणारा. म्हणून ते आकडे आपल्याला उपयोगाचे आहेत.

याच मंडळींनी अहमदाबादच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात असेच नळ घातले होते. कोणासाठी? वाघासाठी. त्याच्या निवाऱ्यातला उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून. २००१ साली त्याचा वृत्तांत छापून आला. वाघाला गारवा मिळाला याचे मला वाईट वाटत नाही, तोही जीव आहे आणि पिंजऱ्यात आपण त्याला घातलेले आहे. पण याच आपल्या जिल्ह्यातून दरसाल किती कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर जातात, आणि ती कोणत्या पत्र्याखाली, कोणत्या ताडपत्रीखाली दुपार काढतात, हे आठवल्यावाचून राहात नाही. दिल्लीजवळ गुडगाव भागात ग्वालपहाडी येथे टेरी या संस्थेच्या निवासी इमारतीखाली तर ७० मीटर लांबीचे चार बोगदे चार मीटर खोल घातलेले आहेत. तो संस्थेचा पैसा. आपला हिशेब वेगळा.

तर बंधू, तुमचा नकाशा समोर ठेवून बोलतो.

तीन फूट खोली पुरणार नाही. मे महिन्यात तेथली माती स्वतःच तापलेली असते. नऊ-दहा फूट जायला हवे. तीस फूट लांबीही अपुरी, शंभर फूट तरी हवी. तुमच्या परसात सव्वाशे फूट मोकळी जागा दिसते, म्हणून हे बोलणे तरी शक्य आहे. ज्यांचे घर वस्तीत भिंतीला भिंत लागून आहे, रमाई आवास योजनेतले २६९ चौरस फुटांचे घर आणि पुढे लगेच गल्ली, त्यांनी हा विषय येथेच सोडावा आणि सरळ पत्र्याच्या परिच्छेदाकडे जावे.

टेबलफॅनचेही जमणार नाही. अहमदाबादला चार इंची नळातून हवा ढकलायला ४०० वॅटचा ब्लोअर लावावा लागला, म्हणजे पाच छतपंख्यांइतकी वीज. अरुंद आणि लांब नळात हवेला फार अडथळा होतो. टेबलफॅन किंवा साधा एक्झॉस्ट पंखा तेथे नुसता गरगरत राहील. त्यापेक्षा सहा इंची दोन नळ पाच-सहा फूट अंतर ठेवून शेजारी घाला. हवा हळू वाहील आणि नळावर घ्यायच्या लहान एक्झॉस्ट पंख्यावरही काम भागेल. प्लास्टिकचा पाईप चालतो, लोखंडच हवे असे नाही. मात्र आतून गुळगुळीत हवा. वळ्यावळ्यांचा पाईप घेतला तर प्रत्येक वळीत पाणी साचते. वळणे कमीत कमी ठेवा.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नळ तसाच पुरला तर सांधे निसटतात आणि नळाभोवती पोकळी पडते. पोकळी पडली की मातीचा गारवा नळाला लागतच नाही. म्हणून नळाभोवती बारीक मुरूम किंवा रेतीमिश्रित माती घाला आणि पाणी मारून धुम्मसाने चोपा. खाली कातळ लागला तर हट्ट करू नका. कातळ फोडायच्या पैशात दुसरी खोली उभी राहील.

नळ घरापासून दूर जाईल तसा उतरता हवा, शंभर फुटांना एक ते दोन फूट. पावसाळ्यात दमट हवेचे पाणी आत सुटते. ते उताराने जाऊन एका खड्ड्यात जमले पाहिजे, नाहीतर नळात बुरशी धरेल आणि तीच हवा लेकरांच्या छातीत जाईल. हा खड्डा नऊ इंची पाईप उभा करून बनवा, दोरीला डबा बांधून पाणी उपसता येईल एवढाच. माणूस उतरेल एवढा तो मुळीच करू नका. गटारात आणि टाक्यांत उतरून आपली किती माणसे गेली याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. २०१३ साली कायदा झाला तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. जुने पेव उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरतो, हेही आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. आपल्याच घरात पुन्हा तसले तोंड कशाला करायचे?

हवा आत घेण्याचे तोंड जमिनीपासून चार-पाच फूट वर, बारीक जाळी लावून, सावलीत ठेवा. जाळीचा कंटाळा केला तर उंदीर जाईल आणि त्याच्यामागे साप. संडासाचा शोषखड्डा, गोठा आणि चुलीचा धूर यांपासून तोंड दूर हवे. नळाचा चर शोषखड्ड्याजवळून नेऊ नका. तुमच्या नकाशात तो अगदी चिकटून जातो आहे. आणि नंदुरबारच्या बाजूला ज्यांची घरे मिरची वाळवण्याच्या पथारीजवळ आहेत, त्यांनी थंडीत नळ सुरू करण्याआधी वारा कोणीकडचा आहे ते पाहावे. एकदाच चूक होईल, पण सगळे घर शिंकेल.

आता ज्यासाठी हे पत्र मी इतर पत्रांच्या आधी घेतले, ते सांगतो. बापलेकांनी दहा फूट चर खणायचा नाही.

शंभर फूट लांब, दहा फूट खोल आणि दोनच फूट रुंद म्हटले तरी २० ब्रास माती झाली. दोन नळांसाठी रुंद चर धरला तर किती होईल ते तुम्हीच मोजा. पण कष्टाची गोष्ट नाही, कष्टाला आपण कधी भ्यालो? एक घनफूट माती पन्नास किलोच्या आसपास भरते. उभी कड ढासळली की माणूस छातीपर्यंत गाडला गेला तरी संपला. तोंड मोकळे असते पण छाती फुगत नाही. वरून दिसणारा भाऊ मग घाईने खाली उडी घेतो आणि दुसरी कड त्याच्यावर येते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा नियम आहे : दीड मीटर, म्हणजे पाच फूट आणि त्याहून खोल चराच्या कडा उतरत्या कापाव्यात किंवा फळ्या-दांड्या लावून धरून ठेवाव्यात. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकावी आणि खोली त्याच्या दुपटीहून जास्त असेल तर खोलीच्या निम्मे अंतर ठेवावे. चरात शिडी असावी. नियम लिहिलेला आहे, पण मुकादम तो पाळत नाही, कारण खाली उतरणारा मुकादम नसतो. निदान आपल्या घरच्या कामावर तरी तो पाळू या. जे.सी.बी. लावा, कडा चांगल्या उतरत्या कापा, नळाचे सांधे वरच जोडून घ्या आणि दोरांनी खाली सोडा, म्हणजे आत उतरण्याचे काम अगदी थोडे राहील. भेगाळलेल्या काळ्या मातीवर अवकाळीची एक सर पडून गेली असेल, तर त्या दिवशी कोणीच उतरू नये.

चर भिंतीच्या कडेने तर नाहीच. तुमचा पाया तीन-चार फुटांचा असेल. शेजारी दहा फूट खणले तर पायाखालची माती चराकडे सरकते. चराची खोली जेवढी, निदान तेवढे अंतर भिंतीपासून सोडा. शेवटचे टोक घरात आणताना नळ तिरका वर घ्या.

एवढे सगळे नीट केले तर काय मिळेल? अहमदाबादच्या त्या एका नळाने दिलेला गारवा एक टनी ए.सी.च्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भरतो. दोन लहान खोल्यांची हवा त्यात तासाला चार-पाच वेळा बदलते. पाण्याचा थेंब लागत नाही, हा मोठा फायदा. हंडा वाहणाऱ्या बाईलाच तो कळेल. नळ दुपारी चालवायचा आणि रात्री बंद ठेवायचा, म्हणजे तापलेली माती पुन्हा निवते. अहमदाबादलाही तो दिवसाचे सात तासच चालवत. रात्री खिडक्या उघडा. पावसाळ्यात बाहेरची हवा आणि जमीन सारखीच, तेव्हा तोंडे बंद करून ठेवा. वीज गेली की नळही थांबला, कारण खालची गार हवा जड असते, ती आपणहून वर येत नाही.

आणि वहिनी, तुमचे म्हणणे बरोबर आहे. आधी पत्रा. दुपारी तापलेला पत्रा डोक्यावर शेगडी धरल्यासारखा असतो. नळाने आणलेला सगळा गारवा तो एकटा खाऊन टाकील. आपल्या खानदेशातली जुनी धाब्याची घरे का गार असत? वर हातभर माती होती म्हणून. पत्र्यावर मातीचा भार चालणार नाही. पण पत्र्याखाली अर्धा-पाऊण फूट पोकळी सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत घालता येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बाजारात तट्ट्या मिळतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींत अगदी वर झरोके ठेवा, म्हणजे पोकळीतली तापलेली हवा निघून जाईल. चुलीच्या वर मात्र तट्टी नको, तेथे उघडाच पत्रा राहू द्या. पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. नुसता चुना पत्र्यावर टिकत नाही, पहिल्याच पावसात वाहून जातो. पण स्वस्त आहे, दर फाल्गुनात पुन्हा मारता येतो. पश्चिमेच्या भिंतीवर दोडक्याचा वेल चढवा, त्याला मोरीचे पाणी पुरते. एवढ्यावर एक उन्हाळा काढून पाहा. मग नळाचा खर्च करायचा की नाही ते दोघे मिळून ठरवा.

तोवर बंधूंना एक काम देतो. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास, ऊन सर्वांत कडक असते तेव्हा, परसात हातगिरमिटाने दहा फुटांचे चार इंची भोक पाडा. तापाचा नव्हे, हवेचा थर्मामीटर दोऱ्याने तळाशी सोडा आणि वरून पोत्याने तोंड झाका. तासाभराने पटकन वर ओढून वाचा. दुपारी तीनला एकदा आणि पहाटे एकदा. त्याच वेळी सावलीतल्या हवेचा आणि तट्टीच्या छताखालचाही आकडा लिहून ठेवा. तो कागद इकडे पाठवा, आपण पुढच्या हिशेबाला बसू. भोक लगेच बुजवायला विसरू नका, लेकराचा पाय जाईल.