मुलांची अर्धशिशी : गोळीच्या जोडीला सरावही हवा

शाळेतून फोन येतो, ‘मुलीचं डोकं दुखतंय, उलटीही झाली, घेऊन जा.’ घरी आल्यावर आजी म्हणते पित्त झालं, वडील म्हणतात चष्मा तपासा, आणि परीक्षा तोंडावर असेल तर ‘नाटक’ हा शब्दही निघतो. मायग्रेन म्हणजेच अर्धशिशी हा मोठ्यांचा आजार, ही समजूत अजून पक्की आहे. प्रत्यक्षात तो शाळकरी वयातही होतो. मुलांमध्ये मात्र अनेकदा डोक्याची एक बाजू नव्हे, तर संपूर्ण कपाळ दुखते. मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो.

त्रास सुरू होताच डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली वेदनाशामक गोळी घेणे योग्यच. पण हा त्रास वारंवार होऊ नये यासाठी काय करायचे? अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेली एक मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि टोपिरामेट ही रोज घ्यायची औषधे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. तिन्ही गटांतील निम्म्याहून अधिक मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने तरी घटले. याचा अर्थ दुखणे खोटे असा नव्हे. नियमित देखरेख आणि बरे वाटेल हा विश्वासही मेंदूवर परिणाम करतो, एवढाच.

हा परिणाम शिकवून वाढवता येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, महिन्यातले सुमारे २१ दिवस डोके दुखणाऱ्या १३५ मुलांना अ‍ॅमिट्रिप्टिलीन दिले गेले. ज्यांना जोडीला वेदना हाताळण्याचे मानसोपचारातील तंत्र शिकवले, त्यांचे डोकेदुखीचे दिवस सरासरी ११.५ ने घटले. ज्यांना फक्त आजाराची माहिती दिली, त्यांचे ६.८ ने. यासाठी दर वेळी तज्ज्ञाकडेच जावे लागते असेही नाही. कॅनडात पॅट्रिक मॅकग्रा आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ८७ किशोरवयीन मुलांचा अभ्यास मांडला. घरी, स्वतःच्या गतीने ही तंत्रे शिकलेल्या मुलांना दवाखान्यात शिकलेल्यांइतकाच फायदा झाला. तालुक्याच्या गावी बालमानसतज्ज्ञ सहसा मिळत नाही. तिथे ही बाब मोलाची आहे.

तंत्रे साधी आहेत. पोटातून संथ श्वास घेणे. पायापासून कपाळापर्यंत एकेक स्नायू आवळून सैल सोडणे. डोळे मिटून आवडती जागा आठवणे. ‘आता दिवस वाया गेला’ या विचाराच्या जागी ‘थोड्या वेळात ओसरेल’ असे स्वतःला सांगणे. त्याला जोड ठरलेल्या वेळी झोप, सकाळच्या शाळेआधी पोटात काहीतरी, दप्तरात पाण्याची बाटली आणि रोजचा खेळ. हे सारे डोके दुखत नसतानाच रोज दहा-पंधरा मिनिटे करायचे. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

इथे पालकांची खरी कसोटी लागते. ‘दुखतंय का गं?’ असे दर तासाला विचारले की लक्ष दुखण्यावरच खिळते. उलट ‘सोसायला शीक’ म्हटले की मूल सांगणेच बंद करते. पालकांनी सराव करून घ्यावा, पण सूत्रे मुलाच्या हाती द्यावीत. शाळेनेही दहा मिनिटे शांत खोलीत बसू दिले, तर अनेकदा घरी पाठवण्याची वेळ येणार नाही.

मात्र अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, झोपेतून जागे करणारी किंवा पहाटेच्या उलट्यांसह येणारी डोकेदुखी, ताप व ताठ मान, झटके, दिसण्यात बिघाड, हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरगुती प्रयोग न करता तातडीने डॉक्टर गाठावा. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून अधिक वेळा वेदनाशामक लागत असेल तरीही सल्ला घ्यावा. गोळ्यांच्या अतिवापरानेच डोके दुखू लागते.

एरवी सुरुवात एका वहीने करावी : कधी दुखले, आधी काय खाल्ले, किती झोप झाली, काय केल्यावर बरे वाटले. ती वही आईने नव्हे, मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावी.