बारावी कागदावर, विद्यार्थी परगावी

दहावीचा निकाल लागला की जालना जिल्ह्यातून मुलांचे एक मूक स्थलांतर सुरू होते. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदनची मुले-मुली लातूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि ऐपत असेल तर थेट राजस्थानातील कोट्याला जातात. अकरावीचा प्रवेश मात्र असतो आपल्याच तालुक्यातील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात! नाव येथे, विद्यार्थी तेथे आणि हजेरीपटावर रोज 'उपस्थित'. शिकवणी वर्ग आणि कनिष्ठ महाविद्यालय यांच्या या सोयरिकीला 'टाय-अप' असे गोंडस नाव मिळाले आहे. आम्ही तिला लबाडी म्हणतो.

या लबाडीचा पहिला बळी प्रयोगशाळा. बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला 70 गुणांची लेखी परीक्षा आणि 30 गुणांचे प्रात्यक्षिक असते. ज्या मुलाने वर्षभर परीक्षानळी हातात धरली नाही, त्याच्या पदरात हे तीस गुण कोणत्या पुण्याईने पडतात? सतराव्या वर्षी असे खोटे गुण जो निमूटपणे स्वीकारतो, त्याच्याकडून उद्या रुग्णालयात सचोटीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? राज्य शासनाने 2018 मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये, असे केंद्राने जानेवारी 2024 मध्ये बजावले. आदेश निघाले, दुकाने चालूच राहिली.

लातूरला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मूळचा 'लातूर पॅटर्न' ही राजर्षी शाहू महाविद्यालयातील प्राध्यापकांची तपश्चर्या होती. ते आपल्याच वर्गात, आपल्याच विद्यार्थ्यांसाठी राबत होते. त्या तपश्चर्येचा बाजार पुढे इतरांनी मांडला.

आणि या बाजारात गिऱ्हाईक कोण? चारित्र्यनिर्माणावर बौद्धिक देणारे आमचेच काही कार्यकर्ते, आमचीच सुशिक्षित कुटुंबे. 'सगळेच करतात' हे उत्तर आपल्या घरात तरी शोभत नाही. 2024 मध्ये 'नीट'साठी चोवीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. देशातील एमबीबीएसच्या सर्व जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. हा हिशेब मोसंबीची बाग गहाण टाकणाऱ्या बापाला कोणी समजावून सांगितला? त्याच वर्षी त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा वर्षभर प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांच्या मनाचे काय झाले असेल!

गंमत अशी की आमची मुले बाहेर जात असताना बाहेरची मुले जालन्यात येत आहेत. मुंबईच्या ज्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची परंपरा 1933 पासूनची, तिचे मराठवाडा संकुल 2018 पासून जालन्यात आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातील तुरीचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. बियाणे उद्योग आणि पोलादाच्या गिरण्या तर जालन्याची ओळखच आहेत. तरीही जीवशास्त्राची आवड असलेल्या मुलाला कृषी पदवीचे नाव सुचवले, तर घरात सुतक पडते.

घर सोडून जाण्याला आमचा विरोध नाही. समर्थ रामदास याच जिल्ह्यातील जांबचे. कोवळ्या वयात घर सोडून ते नाशिकजवळ टाकळीला गेले आणि बारा वर्षे तप केले. 1938 मध्ये 'वंदे मातरम्' गायल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यांनीही नागपूरची वाट धरली होती. निजामाने बंद केलेले दार त्यांना दुसरीकडे उघडावे लागले. आज दार उघडे आहे, शिक्षकांचा पगार शासन देत आहे आणि वर्ग मात्र रिकामा आहे.

म्हणून येत्या जूनमध्ये जालना जिल्ह्यातील प्रत्येक स्वयंसेवक पालकाने, आपले मूल तेथे शिकत असो वा नसो, गावातील कनिष्ठ महाविद्यालयात जावे. प्राचार्यांना नम्रपणे नमस्कार करून बारावीची प्रयोगशाळा उघडून दाखवण्याची विनंती करावी. किल्ली सापडत नाही असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या दिवशी दहा पालकांसह पुन्हा जावे.