पिवळा दिवा पुन्हा पेटतो तेव्हा

आमच्या मोटारीला यंदा पंधरा वर्षे पूर्ण झाली. त्यांपैकी पहिली दहा पणजीच्या खाऱ्या हवेत गेली. पुढे आम्ही बेळगावास आलो. गेल्या पावसाळ्यात डॅशबोर्डवर ‘एबीएस’चा पिवळा दिवा पेटू लागला. मिस्त्रीने पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला, दिवा विझला. तीन आठवड्यांनी पुन्हा हजर! पुन्हा सेन्सर, पुन्हा बिल. शेवटी सौभाग्यवतींनी दिव्यावर चिकटपट्टी लावण्याचा उपाय सुचविला.

या दिव्याने गाडी अडत नाही, नेहमीचे ब्रेक लागतात. म्हणूनच आपण दुर्लक्ष करतो. परंतु चोर्ला घाटातील ओल्या वळणावर ब्रेक एकदम दाबावा लागला, तर चाके जागीच जखडतात, आणि जखडलेली पुढची चाके स्टिअरिंगला जुमानीत नाहीत. ते जखडणे टाळणारी यंत्रणाच त्या वेळी बंद असते. जोडीला ब्रेकचा तांबडा दिवाही पेटला असेल, तर गाडी मुळीच हलवू नये.

आमच्या गाडीने एक खूण आधीच दिली होती. कोरड्या रस्त्यावर, अगदी हळू थांबतानाही, ब्रेकचा पेडल पायाखाली घरघरत असे. दुसऱ्या एका मिस्त्रीने हे ऐकताच स्कॅनर जोडून गाडी संथ चालविली. तीन चाकांचा वेग दहाच्या आसपास दिसत असता डाव्या चाकाचा मध्येच शून्यावर येई. यंत्रणेला वाटे, चाक जखडले!

सेन्सर चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी कड्यासमोर जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसतो व जाणारे दात मोजतो. आमचे कडेच आतून गंजून फुगले होते आणि त्याला केसासारखी चीर गेली होती. दर वेळी दिवा विझे तो नव्या सेन्सरमुळे नव्हे, तर संगणकातील दोषाची नोंद पुसल्यामुळे. कडे बदलले, सेन्सरच्या बैठकीखालचा गंजही खरवडून काढला. खर्च दोन सेन्सरांपेक्षा कमी आला, हे सांगताना अजूनही जीव हळहळतो.

तिसरा सेन्सर घेण्यापूर्वी चाकाजवळ वाकणारी वायर आतून तुटली नाही ना, हेही पाहवून घ्यावे. नुकतेच बेअरिंग बदलले असल्यास अधिक सावध असावे : पुष्कळ गाड्यांत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय कडे असते, ते उलटे बसले, तर नव्या सेन्सरलाही काही दिसत नाही. मीटरने ओहम मोजण्याची जुनी रीत वेटोळ्याच्या सेन्सरपुरतीच खरी. नव्या धाटणीच्या सेन्सरवर ती वापरू नये.

आता किल्ली फिरविताच आमचा दिवा क्षणभर उजळतो व विझतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे उजळणे अवश्य पाहावे. तो मुळीच पेटत नसेल, तर आधीच्या मालकाने चिकटपट्टीच्याही पुढचा उपाय केला असण्याचा संभव आहे.