दात्याचाही हिशेब हवा

आज ३ ऑगस्ट. हा दिवस २०२३ पासून ‘भारतीय अवयवदान दिन’ म्हणून पाळला जातो. १९९४ साली याच तारखेस दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मृत दात्याचे हृदय दुसऱ्या रुग्णाच्या छातीत यशस्वीपणे बसविण्यात आले, त्याची ही आठवण. आज ठिकठिकाणी सभा भरतील, शपथा घेतल्या जातील, दात्यांच्या कुटुंबीयांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. हे सर्व उचितच आहे, आणि अवयवदानाच्या पुरस्कर्त्यांत आमचीही गणना व्हावी अशी आमची इच्छा आहे. परंतु समाजाला ‘दान करा’ असे सांगण्याचा अधिकार ज्यांना हवा, त्यांच्यावर एक कर्तव्यही येते. दान केल्यानंतर दात्याचे काय झाले, हेही त्यांनी तितक्याच मोठ्या आवाजात सांगितले पाहिजे. यकृतरोपणाच्या बाबतीत हे कर्तव्य आपण पुरतेपणी बजावीत नाही, हे आजच्या दिवशी स्पष्टपणे सांगणे आम्हांस भाग आहे.

मूत्रपिंडे निकामी झाली, तर रक्त शुद्ध करणारे यंत्र रुग्णाला वर्षानुवर्षे जगवू शकते. यकृताची गोष्ट निराळी. अन्नरसावर संस्कार करणे, रक्त गोठविणारी द्रव्ये तयार करणे, शरीरातील विषे निष्प्रभ करणे, अशी असंख्य कामे हा एकटा अवयव करतो. ती सर्व दीर्घकाळ करील असे यंत्र अद्याप निघालेले नाही. सिऱ्हॉसिसने यकृत आकसून कठीण झाले, पोटात पाणी साठले, कावीळ हटेना, शुद्ध हरपू लागली, की बहुधा रोपण हाच एक मार्ग उरतो. सुदैवाने निसर्गाने यकृताला एक विलक्षण शक्ती दिली आहे. निरोगी यकृताचा मोठा भाग काढून घेतला, तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून मूळ आकाराच्या जवळ येतो. या शक्तीमुळेच जिवंत माणसाला आपल्या यकृताचा भाग दुसऱ्यास देता येतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियात डॉ. रसेल स्ट्राँग यांनी आईच्या यकृताचा भाग तिच्या मुलाला देऊन ही गोष्ट सिद्ध केली. १९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात दोन वर्षेही पुरी न झालेल्या एका बालकाला त्याच्या पित्याच्या यकृताचा भाग मिळाला व ते बालक वाचले. तेव्हापासून आपले शल्यवैद्य जगाच्या पहिल्या पंक्तीत जाऊन बसले आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

२०२३ साली आपल्या देशात सुमारे साडेचार हजार यकृतरोपणे झाली. परंतु युरोप-अमेरिकेत रोपणासाठी लागणारी यकृते बहुतांशी मृत दात्यांची असतात. आपल्याकडे ती बहुतांशी जिवंत दात्यांची असतात. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी पन्नासच्या जवळपास मृत दाते मिळतात, आपल्याकडे एकही पुरता मिळत नाही. ही उणीव घरातील माणसाच्या शरीरातून भरून काढली जाते. आणि हे घरातील माणूस कोण? यकृत व मूत्रपिंड मिळून २०२३ साली देशात जे जिवंत दाते झाले, त्यांत साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुषांची संख्या अधिक. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते, बहीण भावाला देते. हे पाहून ऊर भरून येतो, हे खरे. पण त्याच क्षणी मनात असाही प्रश्न उभा राहतो, की त्या घरात ‘नाही’ म्हणण्याची सोय तिला होती काय? कायद्याने तिच्या संमतीचा कागद मागितला आहे. त्या कागदावर सही करताना तिच्यापुढे कोणती माहिती ठेवली गेली होती?

हा दाता रुग्ण नव्हे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तो निरोगी असतो. म्हणूनच त्याची निवड होते. प्रौढ रुग्णासाठी बहुधा यकृताचा उजवा, म्हणजे सुमारे साठ टक्के भाग काढावा लागतो. अशा हजार दात्यांमागे दोन ते पाच मृत्यू घडतात, असा जगभरचा अंदाज आहे. आपल्या राज्यातही दात्याच्या मृत्यूच्या बातम्या आलेल्या आहेत. धोका थोडा आहे असे कोणी म्हणेल, आणि मरणाच्या दारी बसलेल्या आप्ताच्या तुलनेने तो थोडाच आहे. परंतु हा अंदाज जगाचा झाला. ज्या रुग्णालयात उद्या ही स्त्री दाखल व्हायची आहे, तेथे आजवर किती दात्यांची शस्त्रक्रिया झाली, कितींना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले, किती दगावले, आणि पाच वर्षांनंतर ते कसे आहेत? हे तिला कोण सांगणार? आमचे सारे म्हणणे या एका प्रश्नात आहे.

नोंद ठेवल्याने काय साधते, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. यकृताच्याच एका रोगाची कथा आपल्या महाराष्ट्रात घडलेली आहे. एक ते तीन वर्षांची मुले किरकिरी होत, पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे, आणि कावीळ दिसू लागली की काही आठवड्यांत वा महिन्यांत मूल हातचे जाई. कलकत्त्यातील डॉ. सेन यांनी १८८७ साली या रोगाचे वर्णन केले. ‘भारतीय बालसिऱ्हॉसिस’ हे नाव त्याला पडले. जवळजवळ शंभर वर्षे कारण सापडले नाही. कोणी देवाला दोष दिला, कोणी आईच्या दुधाला. मग पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी एक साधा प्रश्न विचारण्यास आरंभ केला. मुलाला वरचे दूध कधी सुरू केले, आणि ते कोणत्या भांड्यात तापवून ठेवीत होता? आजारी मुलांच्या घरी हा प्रश्न विचारला, तसाच तो त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या घरीही विचारला. आजारी मुलांच्या यकृतात तांबे प्रमाणाबाहेर साठलेले होते. आणि त्यांच्या घरी कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यांतले दूध अगदी तान्हेपणापासून पाजलेले आढळले. १९८३ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांत जन्मजात दुबळेपणाही असावा, कारण तेच दूध प्यालेली सर्वच मुले आजारी पडली नाहीत. परंतु भांडी बदलली, घराघरांत स्टील आले, मातांना समजावून सांगितले गेले, आणि जो रोग बालरोग-विभागातील खाटा भरून टाकीत असे, तो आज क्वचितच दिसतो. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात तांब्याच्या भांड्यांतील दुधाने असेच बालमृत्यू घडले होते व भांडी बदलल्यावर थांबले होते, असे पुढे १९९६ साली उघड झाले. पुण्याच्या या संशोधनात झगमगाट नव्हता. घरोघर विचारलेला प्रश्न आणि वहीत लिहिलेले उत्तर, एवढीच मुख्यतः सामग्री होती.

यकृतरोपणाची कलाही अशा प्रामाणिक नोंदींतूनच उभी राहिली. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. टॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या एका मुलावर पहिले मानवी यकृतरोपण करून पाहिले. रक्तस्राव आवरेना आणि मूल टेबलावरच दगावले. त्या वर्षी आणखीही प्रयत्न झाले. एकही रुग्ण महिनाभर जगला नाही. स्टार्झल यांनी हे अपयश झाकून ठेवले नाही. काय चुकले, फुप्फुसात गुठळ्या का गेल्या, ते त्यांनी छापून जगापुढे ठेवले आणि तीन वर्षांहून अधिक काळ माणसावरील शस्त्रक्रिया थांबविली. १९६७ साली पुन्हा आरंभ केला, तेव्हा एक बालिका वर्षाहून अधिक जगली. पुढे सायक्लोस्पोरिन हे औषध आले, निकाल पालटले, आणि १९८३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने यकृतरोपण हा आता केवळ प्रयोग राहिला नसून उपचार झाला आहे, असा निर्वाळा दिला. प्रयोग आणि उपचार यांच्यामधली ती वीस वर्षे ज्यांनी आपल्या मृत्यूने भरून काढली, त्यांचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे त्यांच्याबद्दल खरे लिहून ठेवणे.

आलेले यकृत कोणाला द्यावे, हा न्यायाचा प्रश्नही नोंदींनीच सोडविला. पूर्वी प्रतीक्षेचा काळ आणि वैद्याचा अंदाज यांना फार महत्त्व असे. २००१ साली मेयो क्लिनिकमधील डॉ. पॅट्रिक कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की रक्तातील बिलिरुबिन व क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा वेग, या तीन मापांवरून रुग्णाच्या जिवाचा धोका बऱ्यापैकी सांगता येतो. २००२ पासून अमेरिकेत हे गणित वाटपास लागू झाले. जो अधिक आजारी, त्याचा क्रम आधी. मग त्याच नोंदींनी या गणितातील दोषही उघडा पाडला. स्त्रियांचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून त्या जितक्या आजारी असत तितक्या कागदावर दिसत नसत आणि रांगेत मागे राहत. २०२३ साली सूत्र सुधारून ही उणीव भरून काढण्यात आली. स्त्रीवरील अन्याय दिसला तो आकडे स्त्री-पुरुष असे वेगळे मांडले म्हणून. न मोजलेला अन्याय कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

जिवंत दात्यांच्या बाबतीतही हाच अनुभव आहे. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये भावाला यकृताचा भाग देणारा एक निरोगी मनुष्य शस्त्रक्रियेनंतर तीन दिवसांत वारला. राज्य सरकारने त्या रुग्णालयातील अशा शस्त्रक्रिया स्थगित केल्या व नियम कडक केले. त्याच सुमारास अमेरिकेतील नऊ केंद्रांनी एकत्र येऊन आपल्या दात्यांचा मागोवा घेण्याचे काम हाती घेतले. ३९३ दात्यांपैकी ३८ टक्क्यांना लहानमोठी गुंतागुंत झाली, हे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे तिकडे यकृतदान बंद पडले नाही. दात्याला सही करण्यापूर्वी खरी गोष्ट सांगणे मात्र शक्य झाले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९९४ चा मानवी अवयवरोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून सर्वप्रथम ज्या राज्यांत अमलात आला, त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. २०११ च्या दुरुस्तीने दाते व अवयव मिळालेले रुग्ण यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली. आमची मागणी एवढीच, की ही वही दात्याच्या नावाशी आणि शस्त्रक्रियेच्या तारखेशी थांबू नये. प्रत्येक दात्याची तपासणी एका महिन्याने, एका वर्षाने, पाच व दहा वर्षांनी व्हावी आणि तिचा खर्च दात्यावर पडू नये. प्रत्येक रुग्णालयाचे निकाल, नावे वगळून, दरवर्षी मराठीत आणि प्रत्येक राज्याच्या भाषेत जाहीर व्हावेत. दात्याच्या प्रत्येक मृत्यूची चौकशी त्या रुग्णालयाबाहेरील तज्ज्ञांनी करावी आणि तिचा अहवाल दडपला जाऊ नये. दाता स्त्री असेल तर घरच्या मंडळींना बाहेर बसवून, रोपण करणाऱ्या पथकाशी संबंध नसलेल्या वैद्याने तिच्याशी एकांतात बोलावे. आणि तिने नकार दिला, तर ‘वैद्यकीय कारणास्तव अयोग्य’ एवढेच घरी कळविले जावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आकडे पाहून दाते घाबरतील. घाबरोत! ज्याला धोका ठाऊक नाही, त्याच्या दानाला दान म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निकाल जाहीर झाले, तर रुग्णालये अवघड रुग्णांना दारातूनच परत पाठवतील. आमची उमेदीची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. निकालाच्या टक्केवारीपायी कच्च्या मुलाला मॅट्रिकच्या परीक्षेस न बसविणाऱ्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत. तेव्हा ही भीती खोटी नाही. परंतु त्यावर उपाय निकाल लपविणे हा नव्हे. रुग्ण किती आजारी होता हे लक्षात घेऊन निकाल मांडणे, हा आहे. आणि दात्याच्या बाबतीत तर ही सबबही टिकत नाही, कारण सारे दाते निरोगीच निवडलेले असतात.

मृत दात्यांची संख्या वाढली, तर जिवंत माणसाच्या पोटावर सुरी चालविण्याची वेळ कमी येईल. कावीळ ‘ब’ची लस प्रत्येक अर्भकाला जन्मतःच मिळाली, कावीळ ‘क’चे आज हाताशी असलेले औषध वेळेवर पोचले, आणि दारूला आळा बसला, तर रोपणाच्या रांगेत उभे राहणारेही कमी होतील. हे सर्व झालेच पाहिजे. पण ते होईपर्यंत आज, या घडीला, कुठल्या तरी रुग्णालयाच्या बाकावर एक बाई हातात संमतीचा कागद घेऊन बसलेली आहे. पलीकडच्या खोलीत तिचा नवरा वा मुलगा आहे. ती सही करील, याविषयी आम्हांस शंका नाही. सही करण्यापूर्वी त्या रुग्णालयाचा खरा हिशेब तिच्या भाषेत तिच्या हाती पडावा, आणि त्या हिशेबात पुढे तिचीही एक ओळ राहावी, एवढी व्यवस्था सरकारने आणि वैद्यकव्यवसायाने मनावर घेतल्यास करता येण्याजोगी आहे. ती केल्याविना अवयवदानाची शपथ देण्याचा नैतिक अधिकार आपणांस पोचत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.