युरियाआधी मुळाच्या गाठी बघा

येडशीच्या शिवारात सोयाबीन तीन आठवड्यांचं झालं, पान जरा पिवळं दिसलं, की युरियाची गोणी फुटते. चुनखडीच्या रानात हा पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचाही असतो. तिथं युरियाचा काय उपयोग? मी खुरपायला आलेल्या बायांना सांगते, आधी एक झाड मुळासकट उकरा आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल निघालं, तर ते झाड हवेतला नत्र मिळवतंय.

ही गाठ सहज बांधली जात नाही. मूळ मातीत एक रसायन सोडतं, त्याला हवेतला नत्र धरणारे रायझोबियम जिवाणू आपल्या रसायनानं उत्तर देतात. मग मुळावरच्या केसांच्या पेशींत, केंद्रकाभोवती, कॅल्शियमचं प्रमाण ठरावीक लयीत वरखाली होऊ लागतं, साधारण मिनिटा-दोन मिनिटांना एक ठोका. 1996 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लसूणघासाच्या मुळांत हे ठोके दिसले. पेशीतलं एक प्रथिन ती लय ओळखतं, तेव्हा जिवाणूला वाट मिळते आणि गाठ धरते.

अळीनं पान कुरतडलं तरी निरोप कॅल्शियमच नेतं. 2018 मध्ये मसात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय या संशोधकांनी दाखवलं, की त्याची लाट कुरतडलेल्या पानापासून दूरच्या पानांपर्यंत मिनिटा-दोन मिनिटांत पोचते आणि तिथं बचावाची तयारी सुरू होते. खनिज तेच, चाल निराळी, म्हणून कामही निराळं.

जमिनीत नत्र मुबलक झाला, की झाड नव्या गाठी धरणं कमी करतं. पेरणीसोबत शिफारशीएवढं खत द्यावंच. पण वरून फेकलेला युरिया झाड आणि जिवाणूची ही भागीदारीच मोडतो. पैसा जातो तो वेगळाच.

म्हणून माझी मागणी आहे, की मृगाआधी प्रत्येक खताच्या दुकानात जिवाणू संवर्धकाची ताजी पाकिटं थंड जागी ठेवलेली मिळावीत. सोयाबीनला सोयाबीनचंच पाकीट हवं. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनच्या मुळाशी जुळत नाही. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम संवर्धक लावावं. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरावं. कृषी सहायकांनी गावबैठक बांधावर घ्यावी आणि गाठी फोडून दाखवाव्यात. गाठ लाल निघाली, तर युरियाची गोणी दुकानातच राहू द्या.