बर्फाची कणगी



दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तो उष्ण कटिबंधात येतो. तरीपण तिथे बर्फ असतो, कारण अँडीज पर्वत फार उंच आहे. ला पाझ शहराजवळ चाकालताया हा डोंगर आहे. त्याची उंची ५,४२१ मीटर. त्याच्यावर एक हिमनदी होती. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे साठून घट्ट झालेला बर्फ. तो हळूहळू खाली सरकतो. ही हिमनदी सुमारे १८,००० वर्षांची होती.

त्या बर्फावर लोक स्की खेळायचे. म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून सूं करत घसरायचे. वर ओढून न्यायला १९३९ साली दोर बसवला. तो मोटारीच्या इंजिनावर चालायचा. जगातले सर्वांत उंच स्कीचे मैदान म्हणून ते प्रसिद्ध होते.

पुढे कोळसा आणि तेल जाळून जगाची हवा तापत गेली. शास्त्रज्ञ म्हणाले, २०१५ पर्यंत ही हिमनदी संपेल. पण ती २००९ मध्येच संपली! असे का झाले? पांढरा बर्फ ऊन परत पाठवतो. बर्फ वितळला की काळा खडक उघडा पडतो. उन्हाळ्यात दुपारी काळ्या कातळावर अनवाणी पाय ठेवून बघा, म्हणजे कळेल. तो खडक तापला की शेजारचा बर्फही वितळतो. म्हणून शेवटी शेवटी बर्फ भराभर गेला.

कोणी म्हणेल, एक खेळच बंद झाला ना, त्यात काय एवढे? मला हे पटत नाही. हिमनदी ही पाण्याची कणगी आहे. पावसाळ्यात ती भरते आणि कोरड्या दिवसांत थोडे थोडे पाणी देते. ला पाझ आणि एल आल्तो या शहरांना जवळच्या दुसऱ्या हिमनद्यांचे थोडे पाणी मिळते. त्या हिमनद्याही आटत आहेत. कणगीत भर कमी आणि काढणे जास्त, तर ती रिकामी होणारच.

कोळसा आणि तेल जास्त जाळले मोठ्या देशांनी. बोलिव्हियाने फार थोडे जाळले. बर्फ मात्र त्यांचा गेला. हा काय न्याय झाला?

म्हणून माझे मत असे आहे की, "अजून वेळ आहे" असे मोठ्या माणसांनी म्हणू नये. चाकालतायाच्या बर्फाने २०१५ ची वाट पाहिली नाही. मोठ्या देशांनी कोळसा आणि तेल जाळणे आधी कमी करावे, आणि ते आत्ताच करावे. तुम्हाला काय वाटते ते मला सांगा.

— इयत्ता चौथी