आधी पाहणी, मग जेसीबी

इमारती किंवा रस्त्यासाठी जमीन मोकळी करताना तिथले सरपटणारे प्राणी हलवणे हा कायद्याने बांधलेला विषय आहे. मुंबईच्या कांदिवली उपनगरात हा प्रश्न दोन्ही बाजूंना येतो. पूर्वेला लोखंडवाला आणि दामूनगरची पाठ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागते, पश्चिमेला चारकोपपलीकडे कांदळवन आहे. खोदकाम निघाले की अजगर, घोरपड, नाग, घोणस, धामण उघड्यावर येतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अजगर व घोरपड अनुसूची १ मध्ये आहेत. कायद्याच्या व्याख्येत प्राणी पकडणे हीसुद्धा शिकार. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणेही त्यातच येते. वन्यप्राण्यांना दुसऱ्या योग्य अधिवासात हलवण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे, मात्र अनुसूची १ मधील प्राण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

प्रत्यक्षात साप दिसल्यावर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन जातो, सर्पमित्र येतो, साप पकडून सोडला जातो. यातून तो एक साप वाचतो. बिळातली अंडी आणि पिल्ले डेब्रिजखाली जातात. पावसाळ्यापूर्वी खोदाई उरकण्याची घाई मार्च ते मे या काळात असते आणि नेमकी तेव्हाच अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून बसते. सुमारे दोन महिने ती जागा सोडत नाही. अंगाचे स्नायू थरथरवून ती अंड्यांना ऊब देते.

लांब नेऊन सोडणे हाही उपाय नाही. सापाला आपल्या टापूतले पाणी, भक्ष्य, लपायच्या जागा ठाऊक असतात. कर्नाटकातील आगुंबे येथे रेडिओ ट्रान्समीटर लावून झालेल्या अभ्यासात हलवलेला नागराज मूळ जागी राहणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भटकला. अशा भटकंतीत रस्ते आणि वस्त्या आड येतात.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी पाहणी करावी, ती पावसाळ्यात आणि नंतरही. वारुळे व बिळे नकाशावर घ्यावीत. गवत एका बाजूने, जंगलाच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने काढावे, म्हणजे बहुतेक प्राणी स्वतःहून सरकतात. परत येऊ नयेत म्हणून गुळगुळीत पत्र्याचे कुंपण घालावे. बिळे हाताने उकरावीत, अंडी सापडली तर त्यांतून पिल्ले बाहेर येईपर्यंत तेवढा भाग सोडावा. उरलेले प्राणी परवानगीने पकडून जवळच्याच अधिवासात सोडावेत.

जर्मनीत श्टुटगार्टच्या रेल्वे प्रकल्पात हजारो सरडे हलवण्याचा खर्च प्रकल्पावरच पडला. मुंबईतही हा खर्च विकासकाच्या अंदाजपत्रकात असावा आणि पाहणीचा अहवाल आल्याखेरीज काम सुरू करण्याचा दाखला मिळू नये.